माल्टा रुसला

प्रिय अंकुर,

आधी गुन्हा कबूल करतो, शिव्या मंग दे. तू अकोल्यात तापानं पडला अन् मले म्हणे, अमरावतीच्या कॉलेजात जाऊन सरांले फक्त सांग, मी येत नाही. म्या सांगितलंच नाही. तुह्या नावाचा बिल्ला छातीवर लावला अन् तुह्या खुर्चीत बसलो. युरोपीय संघाच्या नकली सभेत, माल्टा देश म्हणून! दहावीत दोनदा गचकलेला मी, अन् बाजूले इटली.

सर सांगून राहिले होते, या संघाले आपल्यासारखं एक संविधान नाही. देशादेशांनी केलेले करार, तोच पाया. करारानं देला तेवढाच संघाले अधिकार. अन् करार बदलाचा तर सगळ्यांचा होकार पाहिजे. म्या विचारलं, "एकटा माल्टा नाही म्हणाला तर?" सर म्हणे, "तर अडलं." बस! मले आपल्या शेजारच्या माणिकबाईच्या घरचं लग्न आठवलं. नत्थुजी जावई रुसले, तं सारी पंगत वाढल्या ताटावर खोळंबली होती.

जर्मनीनं ठराव मांडला, का परदेशाशी कसं वागाचं याच्यासाठी आता सगळ्यांचा होकार नको, बहुमत पुरे. सारे हो म्हणाले. मी रुसलो. जर्मनी झालेली पोट्टी तणतणत आली. चंदा नाव तिचं, अंजनगाव सुर्जीची. "अहो माल्टा, तुमची अडचण तरी काय?" अडचण कायची, मले गंमत पाहाची होती! पण तोंडातून निघालं, "मॅडम, जावयाचं रुसणं बंद कराले जावयाचाच होकार मागता? लहान घरच्याजवळ एक रुसणंच तं असते. तेबी गेलं का त्याले विचारते कोण?" ती खदखदा हासली. जेवताना बाजूले बसून तिनं मले सारा करार समजावला, कुठं रुसता येते, कुठं नाही. शाळेत असं कोणी समजावलं असतं तं मी आज गॅरेजवर नसतो बे. अन् शेवटी ठराव तिनंच मागं घेतला. उत्कृष्ट वक्ता कोण? अंकुर! ढाल घ्याले नाव पुकारलं अन् मी मागच्या दारानं पयालो.

आता खरं कारण आयक. पयताना दाराआडून आयकलं, सरांपासून तुहा पत्ता काढून चंदा ती ढाल घेऊन रविवारी तुह्या घरी येऊन राहिली. तुहा फोन काका उचलते, म्हणून हे पत्र. दार तू उघडशीन तं माह्यं खोटं तिले तुह्या तोंडावरून समजन. ते मले नाही चालत. मी पहिल्या एसटीनं येतो, दार मले उघडू दे. मीच सांगतो, मी अंकुर नाही, बंडू हाय, गॅरेजवर पाने फिरवतो. मंग रुसाचं का हासाचं, तो तिचा हक्क. पण हा करार आपल्या दोघांचा, तुह्या एका नाहीनं अडन. हो म्हण ना बे! अन् तोवर कोणाले सांगू नको. सरांले नको, काकूले तं बिलकुलच नको. पाया पडतो तुह्या, कोणालेच नको!

तुहाच (रविवारपर्यंत तर तूच),
बंडू