चहा नेमका तेव्हाच येतो

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढाच). तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? आम्ही सगळे ठीक. कान दाखवलास का, असं तू फोनवर दोनदा विचारलंस. त्याचं उत्तर याच पत्रात देणार आहे, पण आधी इथे काय शिजतंय ते वाच.

नगर परिषदेच्या सभेत कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं काम सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच. इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पक्की ओळखलीय. अवघड विषय निघाला रे निघाला, की ही मंडळी सगळ्यांचं लक्ष भलतीकडे नेतात. गटारांचा विषय आला की कुणीतरी म्हणतं, पंखा फार कुरकुरतोय, आणि अर्धा तास पंख्यावर जातो. (मी पंख्याखालीच बसतो. मला एकदाही कुरकुर ऐकू आलेली नाही. म्हणजे तक्रार बनावट.) आणि ठराव तोंडावर आला की शिपाई चहा घेऊन आत येतो. बावीस कपबश्या एकदम वाजतात आणि नेमकं तेव्हाच अध्यक्ष आवाज खाली आणतात. हा योगायोग म्हणायचा?

गेल्या महिन्यात वाचनालय दुसरीकडे न्यायचं का, यावर चर्चा होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "वाचनालय हलवायचं", आणि चहा आला. मी लिहिलं, हलवायचं ठरलं. खाली सगळ्यांनी सह्या केल्या, न वाचता, कारण बिस्किटं मऊ पडल्याची चर्चा रंगली होती. चार दिवसांनी मजुरांनी चौदा कपाटं उचलून अग्निशमन दलाच्या शेडमध्ये नेली. बंब रस्त्यावर आला. ग्रंथपाल बाई पाण्याच्या पाइपांच्या वेटोळ्यावर बसून पुस्तकं देऊ लागल्या. मला बघताच ओरडल्या, "अहो, हलवायचं नाही म्हणाले होते ते! मी तिसऱ्या रांगेतून ऐकलं!" आता तूच सांग, मी अध्यक्षांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतो. जे मला ऐकू आलं नाही ते तिसऱ्या रांगेत कसं पोचलं? इथेच पाणी मुरतंय.

घरीही तेच. मुलीचा निरोप काय आला, असं विचारलं की तुझी भावजय नळ सोडते आणि पाण्याच्या धारेत उत्तर देते. वर म्हणते, "तीनदा सांगितलं!" खरं बोलणारा माणूस एकदाच सांगतो. तीनदा सांगतो तो पढवलेला साक्षीदार. हल्ली तर ती माझ्यासमोर उभी राहून, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द सुटा बोलते. हे कुणी शिकवलं तिला? तू तर नाही ना?

अध्यक्षांनी लेखी विचारणा केलीय. सोमवारच्या सभेत खुलासा द्यायचा, आणि ती सभा मीच बिनचूक उतरवून घ्यायची. एक शब्द जरी चुकला तरी वही दुसऱ्याकडे जाणार. ताई, सव्वीस वर्षांत त्या वहीला दुसऱ्याचं अक्षर लागलेलं नाही. मला भीती वाटते. पण कटाला पुरून उरायचं ठरवलंय.

सर्वांना यथायोग्य सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. कानाचं राहिलंच. दाखवला नाही. आप्पांचं कानात घालायचं यंत्र तुझ्या कपाटात वरच्या खणात असेल, ते सोमवारच्या आत पोचेल असं पाठव. मला नकोय ते. कपबश्या नेमक्या कोणत्या शब्दावर वाजतात, एवढंच तपासायचंय. पार्सलवर आत काय आहे ते लिहू नकोस.

ता. क. २. फोन करू नकोस, लिहूनच कळव. मागच्या खेपेला मी तुझ्यावर ओरडलो, आणि फोन ठेवताना तू म्हणालीस, "मी तुझ्यावर रागावलेली". पुढचा शब्द आलाच नाही. "आहे" होतं की "नाही"? आठ दिवस तेच डोक्यात आहे. ताई, तेव्हा इथे कुणी चहा आणला नव्हता.