अडखळणारं घर

३ जून
पुन्हा अडकलं! दारातून आत पाऊल टाकलं की स्क्रीनवरचं घर गचके खातं. आमचं जुनं घर — ते पाडलं त्याला वर्ष झालं. जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून लोकांची घरं काढली, आता कॉम्प्युटरवर स्वतःचं काढतोय. हिच्यासाठी. खुब्याच्या ऑपरेशननंतर हिने पलंग सोडलेला नाही. डॉक्टर म्हणतात, हाड जुळलंय, आता चाललंच पाहिजे, नाहीतर पाय कायमचे जातील. ही म्हणते, "उठून जाऊ कुठे? हे काय माझं घर आहे?"
म्हणून हा खटाटोप. निदान डोळ्यांनी तरी घरी जाऊन येईल.

४ जून
ड्रायव्हर अपडेट केला. ढिम्म फरक नाही.

६ जून
दुरुस्तीच्या दुकानातल्या बाई हसल्या. "काका, याला वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही. चित्रासाठीही मुख्य रॅमच वापरतो. आहे त्या रॅमच्या पट्टीच्या जोडीला तशीच दुसरी लावू." लावली. जिन्यापर्यंत सुरळीत! स्वयंपाकघरात पुन्हा रडगाणं. फोन केला, तर म्हणाल्या, "सावल्या बंद करा. सामान कमी करा."

७ जून
सावल्या बंद केल्या. घर बोडकं दिसतंय. दुपारी खिडकीच्या गजांची सावली फरशीवर पडायची, मुलगी त्या चौकटींतून लंगडी घालायची. फार आठवण आली.

९ जून
फळीवरचे डबे गेले. दोरीवरचे कपडे गेले. माझं ड्रॉइंगचं टेबल — तेवढं राहू दे! सगळ्यात जड निघालं हिचं शिलाई मशीन. हौसेने पायडलची जाळी, चाकाची एकेक काडी काढली होती. त्यावर ही मुलीचे फ्रॉक शिवायची. दातात दोरा धरून माझ्याशी भांडायची, अर्धं मला कळायचंच नाही. किती बरे दिवस होते!
काढलं मशीन. घर झरझर फिरायला लागलं.

११ जून
दाखवलं. एक गचका नाही! मी खूश, ही मात्र स्क्रीनवर काहीतरी शोधत राहिली. मग — "अहो, माझं मशीन कुठंय?"
"जड होतं. काढलं."
"आणि तुमचं टेबल हलकं का?"
भिंतीकडे तोंड करून झोपली. सगळं मुसळ केरात.

१२ जून
सकाळी मशीन परत बसवत होतो. मागून आवाज — "तिथे नाही हो, खिडकीच्या डावीकडे!" आणि एक बोट माझ्या खांद्यावरून स्क्रीनवर टेकलं. वळून पाहिलं. पलंग रिकामा होता.