मर्व्हची डिझेलची वही

शनिवार, २३ ऑगस्ट. सेड्यूना

खोटं बोलले. सकाळी सातला, चहा ओतता ओतता — "व्हेल बघायला निघालोय, मर्व्ह." त्र्याहत्तर वर्षांची बाई, अकरा वर्षं नन्सच्या हाताखाली काढलेली, आणि नवऱ्याच्या तोंडावर धडधडीत खोटं! सिस्टर पर्पेच्युआ म्हणायची, अर्धं सत्य म्हणजे धुऊन इस्त्री केलेलं खोटं. व्हेल वाटेत आहेत, एवढंच खरं. आम्ही चाललोय इथून चौदाशे किलोमीटर, एस्परन्सला. ट्रूडीच्या गावच्या वृद्धाश्रमात त्याला खोली मिळालीय. गुरुवारी दुपारी बारापर्यंत पोचायचं. नाही पोचलो तर खोली यादीतल्या पुढच्याला.

आमच्या पोर्ट पिरीत दोन वर्षं जागा नाही. जूनमध्ये मर्व्ह पायजम्यावर घराबाहेर पडला तो अकरा किलोमीटरवर रुळांजवळ सापडला. माझा खुबा गेलेला, ऑक्टोबरात ऑपरेशन. त्याच्यामागे धावायचं कोणी? ट्रूडी फोनवर म्हणते, "आई, तू काही वाईट करत नाहीयेस." पोटची पोर वकील झाली की न विचारता निकाल देते!

टाकी भरली. पूर्ण पंचाहत्तर लिटरची. मर्व्हने वही काढली. ही मोटरहोम घेतल्यापासूनची सत्तावीस वर्षं त्या वहीत आहेत — किलोमीटर, लिटर, वारा, वजन. प्रत्येक प्रवासाआधी गाडी वजनकाट्यावर चढवायची, आणि मग माणसंही. पहिल्याच पानावर लिहिलं होतं त्याने — "माणसं: दोन. मर्व्ह ८३, मेल ७१." दोन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी. एखादा किलो कमी लिहिता येत नव्हता? तर म्हणे, "वही खोटं बोलली की गाडी रस्त्यात उभी राहते, मेल."

तो आता चौसष्टवर आलाय. मी अजून एकाहत्तरच. हट्टीपणा दुसरं काय.

रविवार, २४ ऑगस्ट. युक्ला

व्हेल पाहिल्या. आई आणि पिल्लू, कड्याखाली, अगदी जवळ. लोक ओरडत होते. मर्व्ह आभाळाकडे बघत होता. "उद्या वारा समोरून."

राज्याच्या सीमेवर नाक्यावरच्या पोरीने आमची सफरचंदं आणि माझा मध काढून घेतला. फळमाशीची भीती म्हणे. मधात फळमाशी! मी तिला दोन शब्द सुनावले. तिने हसून डबा कचऱ्यात टाकला.

लेकीचं नाव दुपारी तीनदा विचारलं त्याने. पण रोडहाऊसांमधली, वाटेवरच्या पंप-खानावळींमधली अंतरं — विचारा, सगळी तोंडपाठ! पुढून, मागून, कशीही.

सोमवार, २५ ऑगस्ट

वारा. दिवसभर, तोंडावर. आमची गाडी म्हणजे चाकांवरचं कपाट. लिटरला सात किलोमीटर देणारी आज पाच देईना.

"पाय हलका ठेव, मेल. पायाखाली अंडं आहे असं समज."

"अंडं केव्हाच फुटलं, मर्व्ह."

हसला. जुना मर्व्ह हसला, क्षणभर.

मधल्या दोन रोडहाऊसना मी थांबलेच नाही. पंपावर ट्रकांची रांग. रांगेत बसवलं की मर्व्ह दार उघडून चालू पडतो. दोन्ही वेळा तो म्हणाला, "अर्धी झाली की भरायची, मेल." म्हातारा बरळतोय म्हणून मी पुढे दामटली. माझी चूक. लिहून ठेवते.

पुढे हीटर बंद पडला. तो गाडीच्याच टाकीतून पितो, आणि पाव टाकी उरली की आपोआप थांबतो, चाकांसाठी उरावं म्हणून. यंत्राला एवढी अक्कल! अंधार पडता पडता कसंबसं रोडहाऊस गाठलं. मर्व्हवर दोन ब्लँकेटं घातली, त्यावर माझा कोट.

मंगळवार, २६ ऑगस्ट. त्याच रोडहाऊसवर

डिझेल नाही! टँकर कालच यायचा होता.

"गाडीमागे दहा लिटर देतेय, राणी," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "त्याच्यावर थेंब नाही."

राणी! राणी असते तर तुझ्या दारात डबा घेऊन उभी राहिले असते?

"टँकर कधी येणार?"

"गुरुवारी. आला तर."

गुरुवारी.

टाकीत आठ, वरचे दहा. अठरा लिटर. पुढचा पंप एकशे ब्याऐंशी किलोमीटरवर, मध्ये झाड नाही की वळण नाही. या वाऱ्यात अठरा लिटरात नव्वद किलोमीटर, फार तर. म्हणजे गुरुवारचे बारा इथेच वाजणार. खोली जाणार. आम्ही दोघं घरी परतणार.

त्या बाईवर ओरडले, टँकरवाल्यावर ओरडले, सरकारला नावं ठेवली. मग संडासात जाऊन कडी लावली आणि देवाचे आभार मानले. हेही लिहून ठेवते.

बाहेर आले तर मर्व्ह पायरीवर, मांडीवर वही. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधला नॉर्म त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"किती आहे, मेल?"

"अठरा."

"पुढे एकशे ब्याऐंशी." पेन्सिल ओली केली जिभेवर. "वारा पहाटे झोपतो. आपण तेव्हा जागायचं. साठच्या वर जायचं नाही. हीटर नाही. पाण्याची टाकी रिकामी कर, शंभर किलो उतरतील. लिटरला साडेदहा पडतील."

"पहाटे कांगारू आडवे येतात, आजोबा," नॉर्म म्हणाला.

"साठने चालवलं तर नमस्कार करायलाही वेळ मिळतो त्यांना." पेन्सिल थांबली. "एकशे एकोणनव्वद. सात किलोमीटर शिल्लक."

नॉर्मने फोनवर गुणून पाहिलं. फोन खिशात ठेवला. "आजी, यांना विकत देता का?"

सगळे हसले. मी नाही हसले. गेल्या वर्षभरात एवढं सलग बोलला नव्हता तो.

म्हटलं, "कशाला घाई, मर्व्ह? दोन दिवस थांबू. आपण काय, व्हेल बघायला तर निघालोय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हेल परवाच झाल्या, मेल."



पाणी सोडायला गाडीखाली वाकले. नळावर हात ठेवला आणि तशीच राहिले. उघडलाच नाही तर? शंभर किलो तसेच राहू दिले तर? कोणाला कळणार होतं? गाडी मध्येच बंद पडली असती. चूक मर्व्हची ठरली असती — आजारी माणसाचं गणित, चुकतंच.

त्याचं गणित मी चुकवू? ते एकच तर राहिलंय त्याच्याजवळ.

नळ उघडला.

बुधवार, २७ ऑगस्ट. नॉर्समन

पहाटे निघालो. वारा खरंच झोपला होता. साठ. साडेतीन तासांत एकच गाडी समोरून आली. ड्रायव्हरने रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरून बोट उचललं. मर्व्हनेही उचललं. शेवटच्या तीस किलोमीटरना लाल दिवा लागला. मी 'हे मरिये'ची प्रार्थना म्हणत होते, आणि काय मागतेय ते माझं मलाच कळत नव्हतं.

पोचलो. पंपावर चौऱ्याहत्तर लिटर आणि वर थोडं आत गेलं. वारा उठला तोवर आम्ही पोचलेलो होतो.

बरोबर होता तो. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात याच्या बरोबर असण्याचा मला पुष्कळदा राग आला. पण आजच्यासारखं काळीज कधी तुटलं नव्हतं.

गुरुवार, २८ ऑगस्ट. एस्परन्स

अकरा चाळीस. वीस मिनिटं आधी.

"प्रवास कसा झाला, बाबा?" तिथली मुख्य बाई, मिसेस लॅव्हेल, लहान मुलाशी बोलावं तशी ओरडून म्हणाली. बहिरा नाहीये तो!

"समोरून वारा," मर्व्ह म्हणाला. "पण वेळेत."

ट्रूडी दारातच रडायला लागली. त्याने तिचा खांदा थोपटला. "कोण आहे गं ही, मेल? हिला काहीतरी खायला दे."

खोलीला खिडकी आहे. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. त्याने आमची गाडी शोधली, सापडली, मग पलंगावर बसला. बूट मी काढले. त्याने कोटाच्या खिशातून वही काढून माझ्या हातात दिली. सत्तावीस वर्षांत कोणाला हात लावू दिला नव्हता.

"तुझ्याकडे असू दे. मी आता कुठे जाणार?"

म्हटलं, "येते हं मी." कुठून, कधी — काही सांगितलं नाही. ऑपरेशन, मग कुबड्या. ईस्टरच्या आधी कसली येते मी! पुन्हा खोटं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

त्याने माझी एकदाही आठवण काढली नाही म्हणे. लॅव्हेलबाई ही आनंदाची बातमी म्हणून सांगते. मूर्ख!

रविवार, ३१ ऑगस्ट. एस्परन्स, पंपावर

पहाटे निघाले. टाकी भरली. आकडा लिहायला वही उघडली तर पुढचं पान आधीच लिहिलेलं. त्याचंच अक्षर. तारीख २० ऑगस्ट — पिरीतली, आम्ही घर सोडायच्याही आधीची.

"एस्परन्स ते पिरी. पाठीवर वारा. लिटरला आठ. अर्धी झाली की भर, मेल. माणसं: एक. ६४."

चौसष्ट तो आहे. मी एकाहत्तर; माझे सात किलो कमी लिहिलेत त्याने. आणि मर्व्ह वजनात कधी चुकलेला नाही.

सत्तावीस वर्षांत त्या वहीतलं पहिलं खोटं.