टेक्लाबाईंची सही

३ ऑक्टोबर १९९४

ती. आजोबांस,
कोरीनचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. शाळेच्या ऑनर सोसायटीसाठी, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या मंडळासाठी, माझं नाव पुढे आलंय. मार्क पुरेसे आहेत. बँडमधले ढोलवाले माझं ऐकतात, म्हणून नेतृत्वही झालं. वर्तणुकीबद्दल अजून तरी कुणाची तक्रार नाही. राहिले सेवेचे तीस तास. नात्यातल्यांकडचं काम चालत नाही, असा नियम आहे. पण जून-जुलैत मी तुमच्या शेजारच्या स्वोबोदाबाईंचं तळघर झाडलं, अर्धं कुंपण रंगवलं, ते चालेल. सोबतच्या फॉर्मवर त्यांची सही घेऊन लगेच पाठवा. मला हे मिळायलाच हवं, आजोबा. वर्गातली मार्लिस आत्तापासून सोसायटीच्या प्रवेश समारंभातली मेणबत्ती धरायचा सराव करतेय.

बाबा म्हणतात, तुम्ही हल्ली इस्त्रीचे शर्ट घालता. तब्येत बरी आहे ना?

तुमची लाडकी (दुसरी नात आहेच कुठे),
कोरीन

८ ऑक्टोबर

चि. कोरीनला अनेक आशीर्वाद.

फॉर्म पाठवतोय. टेक्लाने, म्हणजे स्वोबोदाबाईंनी, त्यावर लिहिलंय की मुलगी कष्टाळू आहे, पण एका बैठकीत प्लम भरलेले नऊ गोड पाव, त्यांचे ते कोलाचे, खाते. मी खोडायला सांगितलं, तर म्हणाल्या, खरं आहे ते राहू दे. चष्मा सापडेना, म्हणून सही न बघताच पाकीट बंद केलं.

तब्येत ठणठणीत आहे. शर्टांचं काय घेऊन बसलात!

तुझा आजोबा,
ऑरविल हाबरकॉर्न

१४ ऑक्टोबर

ती. आजोबांस,

नमस्कार नंतर. सोसायटीचं काम बघणाऱ्या प्रुइटबाईंनी फॉर्म वाचला आणि विचारलं, "ही टेक्ला हाबरकॉर्न तुझी कोण?" मी ठणकावून सांगितलं, कुणी नाही. मग सही बघितली. आजोबा, तुम्ही लग्न केलंत आणि ते मला शाळेच्या फॉर्मवरून कळावं? बाबा तेव्हापासून नुसते येरझाऱ्या घालताहेत.

बाईंचं म्हणणं, लग्न जुलैनंतरचं असेल तर तास धरता येतील, आधीचं असेल तर शून्य. तारीख कळवा. जरा जपून कळवा.

तुमची हवालदिल,
कोरीन

१८ ऑक्टोबर

चि. कोरीनला आशीर्वाद.

वीस मे. कोर्टात. मासेमारीचा परवाना काढायला आलेला एक इसम साक्षीदार म्हणून उभा केला. तुझी आजी जाऊन चारच वर्षं झालीत, तुम्हाला काय वाटेल या भीतीने तोंड उघडलं नाही. या वयात मी पोरासारखा घाबरलो, लाज वाटते.

मी आधी सप्टेंबर लिहिलं होतं. टेक्लाने तो कागद फाडला. आता हे पत्र शाळेत दाखवायचं की शेगडीत घालायचं, तू ठरव. मी कुणाला काही सांगणार नाही.

तुझा अपराधी,
आजोबा

२४ ऑक्टोबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

दोन दिवस पत्र दप्तरात घेऊन फिरले. मग प्रुइटबाईंच्या टेबलावर ठेवलं. तीस तास गेले. यंदा सोसायटी नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले. मार्लिसने रुमाल दिला, आता तिच्याशी भांडताही येत नाही.

बाबांचा राग लग्नाचा नाही, केक खायला न बोलावल्याचा आहे. शनिवारी त्यांना घेऊन येते. कुंपणही अर्धं राहिलंय, ते रंगवते. तास मोजणार नाही. फक्त टेक्लाआजींना सांगा, घरच्या नातीने किती कोलाचे खाल्ले हे आता कुठल्याही फॉर्मवर लिहायचं नाही.

तुमची दोघांची,
कोरीन