उजव्या पायाची सवय

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार तुझ्या वयाला केलाय, तुला नाही.

बाबांसाठी घेतलेली स्कूटर गेले कित्येक दिवस जुन्या चादरीखाली का पडून आहे? दर पत्रात लिहितोस, बिघडली. मी शोरूमच्या मेकॅनिकला जाऊन विचारलं, तर तो हसायलाच लागला. म्हणे बटण दाबताना ब्रेकही दाबावा लागतो, आणि साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. एवढंच! हे तुला ठाऊक नाही होय?

बाबांच्या गुडघ्याला किक झेपेना, डाव्या हाताला क्लच झेपेना, म्हणून मुद्दाम बिनगिअरची, हलकी, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी गाडी निवडली. त्यांना एकट्याने घराबाहेर पडता यावं, एवढाच हट्ट होता माझा. पण तुला ते घरातच हवेत, मुलांना शाळेतून आणायला. फुकटचा माणूस कोणाला नको असतो? वहिनीलाही विचार हेच.

लोभ सध्या राहू दे, उत्तर धाड.
चिमणी

ता. ९ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ. त्यात थोडी अक्कलही मिळो.

तुझ्या गाडीचे गुण मला पाठ आहेत. सीटखाली हेल्मेट मावतं, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकं थांबतात. फक्त तिला पायाचा ब्रेक नाही. हे आलं होतं का तुझ्या डोक्यात?

बाबा जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसले, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. त्या उजव्या पायाचं कौतुक ते अजून करतात. पहिल्याच आठवड्यात बेकरीच्या कोपऱ्यावर एक बाई लहान मुलाला ढकलगाडीत घेऊन समोर आली. बाबांनी जिवाच्या आकांताने पाय आपटला, तो पाय ठेवायच्या सपाट जागेवर. स्कूटर थांबली ती फळवाल्याच्या खोक्यांत. बाई आणि मूल थोडक्यात वाचले. घरी येऊन त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, चिमणीला कळता कामा नये, गाडी बिघडली म्हण. मी म्हणत आलो, तुझी बोलणी खात आलो. आज तुझ्यामुळे शब्द मोडला.

वहिनीचं नाव पुन्हा काढू नकोस.
तुझा, पण नाइलाजाने,
दादा

ता. २० मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद, सवयीने.

गाडी परत नेऊन विकते, असं तू दादाला लिहिलंस म्हणे. दिलेली वस्तू परत मागताना लाज नाही वाटत? तिला हात लावशील तर याद राख. दादाने शब्द मोडला म्हणून त्याच्याशी मी बोलत नाही. माझ्यामागे खलबतं करतेस म्हणून तुझ्याशीही बोलणार नव्हतो.

त्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. मी घाबरलो होतो. लिहिलं, झालं. पण घरात कोणी नसलं की मी गाडी मोठ्या स्टँडवर चढवतो, मागचं चाक फिरवतो आणि हातातल्या ब्रेकने थांबवतो. मेला पाय अजून मध्येच आपटतो. ज्याचा पाय चुकतो त्याला मी कधी रस्त्यावर सोडलं नाही, स्वतःलाही सोडणार नाही.

रविवारी शाळेच्या मैदानात गाडी काढणार आहे. तू ये, बाजूने चाल, पाय हलला की ओरड. हसलीस तर आल्या पावली परत पाठवीन.

येताना शिकाऊ चालकाची लाल ‘एल’ची पाटी घेऊन ये. मोठी बघून आण, लोकांना लांबून दिसली पाहिजे.

लोभाचं मैदानात बघू.
बाबा