रस्त्याकडच्या खोलीबाबत

मी, दाक्षायणी ईरप्पा हलकुडे, वय ७१, धंदा कडक भाकरी व शेंगाचटणी, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. तसा सरकारी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या वारसांपैकी कोणाकडेही असा दाखला नाही.

१. नैराश्याच्या गोळ्यांचा उल्लेख नको, असे वकील म्हणाले. मी करते. सहा वर्षांपूर्वी मी भाकरी थापायची सोडली. घरात कोणी गेले नव्हते, धंदाही बुडाला नव्हता. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दीर चनबसप्पा यांनी पेठेत सांगितले, "वैनीला याड लागलंय." मुलगा सिद्धेश्वर याने पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला. मग महापालिकेच्या दवाखान्यातली नर्स अक्षता बीपी मोजायला घरी आली. तिने विचारले, "आजी, कशात मन लागतं का?" तोवर सगळे एवढेच विचारत होते, की भाकरी कधी मिळणार.

२. दवाखान्यात गोळ्या फुकट मिळाल्या आणि दर गुरुवारी बोलायला एक समुपदेशक बाई. जागा मात्र लसीकरणाच्या टेबलामागे, पडद्याआड. मी हळू आवाजात सांगायची, पलीकडे बाळे माझ्या वतीने रडायची. तरी वर्षभरात मी पुन्हा तव्यापुढे बसले. सबब, माझ्या स्वकष्टार्जित घराची रस्त्याकडची खोली या कामासाठी दवाखान्याला देते. दारावर "नैराश्यावर उपचार" अशी ठळक पाटी लावावी. उद्घाटनाच्या हारतुऱ्यांसाठी काम अडवू नये.

३. मागचे घर व बँकेतील ठेव सिद्धेश्वरला. पाटीचे ऐकून तो म्हणाला, "अव्वा, लोक काय म्हणतील?" लोकांचे म्हणून झाले आहे, बाळा. टीव्हीही त्यानेच न्यावा.

४. शेंगा कुटायचे यंत्र चनबसप्पा भावजींना, कारण त्यांचा डोळा त्यावर फार वर्षांपासून आहे.

हे चौथे कलम सहीच्या वेळी रद्द केले. भावजी आज येऊन म्हणाले, "साक्षीदार म्हणून मी सही करतो." वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. यंत्र घ्या, नाहीतर सही करा. भावजी बराच वेळ यंत्राकडे बघत राहिले.

"ऱ्हाऊ द्या यंत्र. वैनी शानी हाय, हे मलाच लिवायचंय."

"आज अचानक कसं, भावजी?"

"मला बी झोप न्हाय लागत. कशातच मन न्हाय. ती खोली कवा उघडणार?"

"मी मेल्यावर."



म्हणून यंत्र माझ्याबरोबर भाकऱ्या करणाऱ्या काशम्माला. आणि दुसऱ्या कलमात दुरुस्ती अशी: खोली माझ्या मरणावर ठेवू नये. चावी आजच अक्षताकडे दिली आहे. येत्या गुरुवारी पहिला नंबर भावजींचा.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १० जून २०२५

सही: दाक्षायणी ईरप्पा हलकुडे

साक्षीदार: दाक्षायणीबाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.
१. पार्वतम्मा, शेजारीण
२. चनबसप्पा हलकुडे, दीर