पेटीवर फक्त लाम्ब्रोस

मी, लाम्ब्रोस पापास्ताथोपुलोस, वय अंदाजे पंच्याहत्तर, धंदा सुतारकाम, राहणार पलिओखोरी, आर्केडिया, ग्रीस, डोके ठिकाणावर असताना हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी नाही.

१. घर आणि मागचे अक्रोडाचे झाड चर्चला द्यावे. छप्पर गळते, हे आधीच सांगतो.

२. पटाशा, रंधे, करवती शेजारगावच्या स्तेलिओसला. काम माझ्यापेक्षा वाईट करतो, पण आता करणारा तोच उरला आहे.

३. कॉफीवाल्या थ्रासोसला माझा सोंगट्यांचा पट. एक सोंगटी कमी आहे. ती कुठे गेली हे त्यालाच ठाऊक. साठ वर्षे मी दारात दिसलो की तो म्हणतो, "आलं बघा पाद्रीबुवांचं पिल्लू." आमच्या आडनावांतले 'पुलोस' म्हणजे लेक, पिल्लू. 'पापा' म्हणजे पाद्री, तेव्हा माझ्या आडनावाचा अर्थच पाद्री स्ताथिसचा मुलगा. सगळे हसत, मीही हसायचो.

४. खरे ते असे. ईस्टरच्या सकाळी पाद्री स्ताथिस यांना मी चर्चच्या पायरीवर सापडलो. जन्मनोंदणीच्या कचेरीत कारकुनाने विचारले, "कुणाचा?" पाद्रीबुवांना ऐकू कमी यायचे. कोणी आणला असे विचारतोय समजून त्यांनी स्वतःचे नाव सांगितले, आणि कारकुनाने त्या नावावरूनच माझे आडनाव बनवले. मरणाआधी त्यानेच मला हे सांगितले. चूक कळल्यावर तो दुरुस्तीला गेला होता, तेव्हा पाद्रीबुवा म्हणाले, "राहू दे. पोराला दुसरं आहे काय?"

आमच्याकडे पाद्री लग्न करतात, पाद्रीबुवाही बायकामुलांचे; गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. पाद्रीबुवांच्या दफनाच्या दिवशी त्यांची मुलगी एव्दोक्सियाबाई मला म्हणाल्या, "तुझ्या नावापायी माझी आई जन्मभर मान खाली घालून जगली." त्याला एकेचाळीस वर्षे झाली. आमच्या दारांमध्ये सात पावले आहेत. त्यानंतर एक शब्द नाही.

५. पुरल्यावर तीन वर्षांनी रीतीप्रमाणे माझी हाडे वर काढतील, वाइनने धुतील, पेटीत घालून गावच्या अस्थिघरात ठेवतील. त्यांच्यासाठी अक्रोडाची पेटी करून ठेवली आहे. गावातल्या प्रत्येक पेटीवर नाव मी कोरले, पाद्रीबुवांच्याही. माझ्या पेटीवर फक्त 'लाम्ब्रोस' कोरावे. आडनाव मी परत करतो. पेटी तिथे पाद्रीबुवांच्या शेजारी नको, दाराजवळ चालेल. हे लिहिताना जीव तुटतो. त्या नावाखेरीज माझे म्हणावे असे मला काही मिळाले नाही.

६. एव्दोक्सियाबाईंना काही ठेवत नाही. त्या घेणार नाहीत. त्यांनी हे वाचून साक्षीदार म्हणून सही करावी, एवढेच मागणे. कागद त्यांच्या दाराखालून सरकवतो. सही केली नाही तरी राग नाही.

पलिओखोरी, ईस्टरनंतरचा सोमवार, ६ मे २०२४

(सही) लाम्ब्रोस

साक्षीदार: आरेती कुत्सू, टपालवाली

साक्षीदार: एव्दोक्सिया लिबेरी, पाद्री स्ताथिस लिबेरिस यांची मुलगी

वाचलं. पेटी बाबांच्या शेजारीच ठेवा. नाव आडनावासकट कोरा. अर्धवट काम बाबांना खपायचं नाही.